डोंगा, वल्हं आणि फेसाळतं पाणी

मंडळी, यवतमाळचा माणूस होडीच्या खेळाबद्दल लिहायला बसला की आधी हसू येणार, ठाऊक आहे मला. आमची ओळख म्हणजे कापूस, ऊन आणि (सांगायला जड जातं, पण) शेतकऱ्यांच्या आत्महत्या. त्यात हे पाण्याचं काय नवीन? पण जरा नकाशा काढून बघा. पूर्वेकडे वर्धा, दक्षिणेला पैनगंगा. मध्ये अरुणावती, अडाण, पूस, बेंबळा. जिल्ह्याची अर्धी हद्द नद्यांनीच आखून दिली आहे. तरी आमच्या घराघरात नदीबद्दल एकच शिकवण... "डोहाकडं जाऊ नको रे बाप्पा!"

गेले काही महिने मी कनूइंगबद्दल मिळेल ते वाचतोय. फेसाळत्या, खडकांवर आपटणाऱ्या पाण्यातून छोटी होडी काढायची, तो हा खेळ. वाचता वाचता एक मत पक्कं झालं, ते इथे मांडतो. हा रिकामटेकड्या धाडसी लोकांचा खेळ आहे असं आपल्याला वाटतं. मला विचाराल तर ही पाणी वाचायची विद्या आहे, आणि आपल्या जिल्ह्याला तिची गरज आहे.

आधी थोडा इतिहास. कनू म्हणजे आपल्या डोंग्याची लांबची बहीणच. उत्तर अमेरिकेतले मूळ रहिवासी बर्च झाडाच्या सालीची होडी करत, झाडाच्या मुळांनी शिवत आणि राळेनं सांधे बुजवत. वजनाला इतकी हलकी, की पुढे धबधबा आला तर खांद्यावर घेऊन काठाकाठानं चालू लागायचं. कॅनडातला फरचा व्यापार पुढे अशाच होड्यांवर चालला. म्हणजे सुरुवातीला हे पोटासाठी होतं, हौस नंतर आली. १८६५ साली जॉन मॅक्ग्रेगर नावाचा एक ब्रिटिश वकील 'रॉब रॉय' नावाची छोटी होडी घेऊन युरोपातल्या नद्यांमधून एकटाच भटकून आला, पुढच्या वर्षी त्यानं त्यावर पुस्तक लिहिलं, आणि ते वाचून बऱ्याच जणांना हे वेड लागलं. (पुस्तकातून वेड लागणं हे आपल्यासारख्यांना वेगळं सांगायला नको!)

१९३३ साली स्वित्झर्लंडमध्ये बर्फावरच्या स्लालम शर्यतीची कल्पना पाण्यावर आणली गेली. प्रवाहावर जोडीजोडीनं खांब टांगायचे आणि त्यांच्यामधून होडी काढायची. हिरव्या खांबांमधून प्रवाहाबरोबर जायचं, लाल खांबांमधून प्रवाहाच्या उलट. खांबाला नुसता स्पर्श झाला तरी २ सेकंदांचा दंड, खांबांची जोडी चुकली तर ५०. १९७२च्या म्युनिक ऑलिंपिकमध्ये हा खेळ पहिल्यांदा आला. त्यासाठी आउग्सबुर्गला एक कृत्रिम प्रवाह बांधला होता. पूर्व जर्मनीनं त्याची हुबेहूब नक्कल आपल्याकडे बांधून सराव केला आणि चारही सुवर्णपदकं नेली. मग एकदम १९९२पर्यंत ऑलिंपिकमधून गायब. बायकांना कनूची स्पर्धा मिळायला तर २०२१ साल उजाडावं लागलं (टोकियोचं लांबलेलं ऑलिंपिक). ती ऑस्ट्रेलियाच्या जेसिका फॉक्सनं जिंकली. तिची आई १९९६ची कांस्यपदक विजेती आणि वडील जगज्जेते. आपल्याकडे गाणं घरातून येतं तसं त्यांच्याकडे वल्हं.

आता यात विद्या कुठली? ऐका. खडकावर आदळून पाणी पुढे जातं, पण खडकाच्या आडोशाला ते उलटं फिरतं आणि जरा शांत असतं. शिकलेला माणूस त्या आडोशात होडी घालतो, श्वास घेतो, पुढचं पाणी बघतो आणि मगच निघतो. प्रवाह कापून पलीकडे जायचं तर नाक थोडं वरच्या बाजूला तिरपं ठेवायचं, मग पाण्याचा जोरच होडीला पलीकडे ढकलतो. हे वाचलं आणि मला आमच्या आजोळच्या वर्धेवरचा डोंगेवाला आठवला. समोरचा घाट गाठायचा तर तो आधी काठानं बराच वर जायचा, तिथून डोंगा सोडायचा आणि तिरपा तिरपा बरोबर घाटावर आणायचा. ऑलिंपिक त्याच्या स्वप्नातही नसेल, पण विद्या तीच. आमचे भोई, ढिवर ही विद्या पिढ्यान्‌पिढ्या जाणतात. पूल झाले, डोंगे कमी झाले, मुलं शहरात कामाला गेली. ज्ञान काठावरच राहिलं.

आणि किंमत? १४ सप्टेंबर २०२१ रोजी वरुड तालुक्यात झुंज इथे याच वर्धेत नाव उलटली आणि एकाच कुटुंबातल्या आणि नात्यातल्या ११ जणांचा बळी गेला. २२ जुलै २०२३ रोजी आमच्या महागाव तालुक्यात आनंदनगर पाण्यानं वेढलं गेलं, तेव्हा हवाई दलाची हेलिकॉप्टरं मागवावी लागली. "नदीकडे जाऊ नको" म्हणून भागत नाही, कारण नदीच घराकडे येते! कनूवाल्यांचे नियम बघा : लाइफ जॅकेट आणि हेल्मेटशिवाय पाण्यात उतरायचं नाही, एकट्यानं जायचं नाही, काठावर दोर घेऊन माणूस उभा पाहिजे, आणि पाणी आवडलं नाही तर होडी उचलून चालू लागायचं. यातला एक नियम तरी आपल्याकडे नावेत बसताना कोणी पाळतं का?

आता तुम्ही म्हणाल, महाराष्ट्रात हे आहे की, कोलाडला जा! खरं आहे. कुंडलिकेवर राफ्टिंग चालतं, कयाकही चालतात. पण ते पाणी कुणाचं? भिरा वीजकेंद्रातून वीज करून सोडलेलं. मुळा नदी खरं तर पुण्याकडे, पूर्वेला जाणारी. मुळशीला धरण बांधून टाटांनी ते पाणी सह्याद्रीवरून खाली कोकणात उतरवलं, १९२७पासून भिऱ्याला वीज होऊ लागली. ज्यांच्या जमिनी त्यात गेल्या त्यांनी १९२१ साली मुळशी सत्याग्रह सुरू केला, सेनापती बापटांच्या नेतृत्वाखाली. ते हरले. आज सकाळी पाणी सुटलं की पर्यटकांच्या होड्या सुटतात. जाऊ नका असं मी म्हणत नाही, जरूर जा, पण होडीत बसल्यावर एकदा मुळशीची आठवण काढा.

आमच्या पैनगंगेचं याच्या उलट. वर ईसापूरचं धरण, आणि खाली उमरखेडकडच्या गावांची दर उन्हाळ्यात मागणी की नदीत पाणी सोडा. पावसाळ्यात सहस्रकुंडाचा धबधबा काळ्या खडकावरून असा कोसळतो की बोलणं ऐकू येत नाही, आणि मे महिन्यात बघा... पात्रात नुसते दगड. फेसाळतं पाणी खेळाला पाहिजे ही नंतरची गोष्ट, आधी ते गुरांना आणि माणसांना पाहिजे. म्हणून मला सहस्रकुंडावर कुठला 'साहसी पर्यटन प्रकल्प' नको आहे. ती जागा बघायची आहे, होडी घालायची नव्हेच.

मला पाहिजे ते फार साधं आहे. एखाद्या तलावाच्या संथ पाण्यात उन्हाळ्याच्या सुट्टीत मुलामुलींना पोहणं आणि वल्हवणं शिकवा. गुरुजी म्हणून भोई समाजातला जाणता माणूस मानधन देऊन बोलवा, सोबत एक प्रशिक्षित कयाकवाला. प्रत्येक घाटावरच्या नावेत लाइफ जॅकेट सक्तीचं करा. यातून ऑलिंपिकपटू निघेल की नाही, ते सोडा. (तसं नर्मदेवर महेश्वरच्या सहस्रधारेत २०२३ साली खेलो इंडियाच्या स्लालम स्पर्धा झाल्याच, आणि महेश्वर काही आपल्यापासून फार लांब नाही!) पण पुढच्या पुरात एखादी पोरगी पाण्याकडे बघून म्हणेल, "इथून नको, तिकडून जाऊ." तेवढं पुष्कळ आहे.

असो. बरंच लांबलं. तुमच्या गावच्या नदीवर अजून डोंगा चालवणारं कोणी असेल तर मला जरूर कळवा. घरच्या मंडळींनी काळजी करू नये, मी अजून फक्त वाचतोच आहे... दिवाळीनंतर मात्र कोलाडला जायचा विचार आहे. आईला आत्ताच सांगू नका!