आधी विषय, मग गाडी

वीकएंड ट्रिप म्हटलं की पुण्यात आपलं डोकं लगेच लोणावळ्याकडे धावतं. सुट्टीत हिंगोलीला गेलो की तेच डोकं बंद! औंढ्याला दर्शन, फोटो आणि जेवायला घरी परत. ह्याला मी ट्रिप म्हणत नाही, हजेरी म्हणतो.

माझं म्हणणं एवढंच, की आधी विषय ठरवा, मग ठिकाणं. उदाहरणार्थ, नामदेव. सकाळी नर्सी, म्हणजे १२७० साली जन्मलेल्या नामदेवांचं गाव. त्यांची ६१ पदं गुरु ग्रंथ साहिबात आहेत, त्यामुळे तिथे शीख भाविकही येतात. दुपारी औंढा नागनाथ. विसोबा खेचर त्यांना इथेच गुरू म्हणून लाभले, अशी परंपरा. नामदेवांच्या कीर्तनासाठी देऊळ फिरलं ही आख्यायिका पोरांना सांगा आणि म्हणा, आता नंदी शोधा. तो देवळाच्या मागे सापडतो!

विज्ञानवाल्यांसाठी औंढ्याजवळच लायगो-इंडियाची जागा आहे. ४-४ किलोमीटरच्या दोन भुजांनी गुरुत्वीय लहरी टिपायचा हा प्रकल्प, २०२३ मध्ये सुमारे २,६०० कोटींना मंजूर झाला. आणि हळदीच्या हंगामात गेलात तर वसमतकडे हळद शिजवताना दाखवा.

नियम दोनच. दिवसात दोनच ठिकाणं, आणि गोष्ट सांगणारा एक जण आधीच ठरलेला.

१९९९ पासून आपला जिल्हा स्वतंत्र आहे, तरी ऑफिसात आपण 'नांदेडजवळ' म्हणून मोकळे होतो. कारण पुढे सांगायला आपल्याकडे गोष्टच नसते. ह्या दिवाळीत भावंडं जमतीलच. बघा, पटतंय का.