खंजिरीवाल्याचे नाव काय?

छायाचित्र म्हणजे पुरावा, अशी आपणा सर्वांची एक भाबडी समजूत आहे. आज खिशाखिशांत कॅमेरा आहे. लग्न, बारसे, गणपती, निवडणूक, काहीही त्यातून सुटत नाही. तरीही आपल्या मोताळा तालुक्यातील भजनी मंडळे कशी होती, त्यांत कोण गात होते, कोण वाजवीत होते, असे पन्नास वर्षांनी कोणी विचारले तर आपणांपाशी दाखवावयास काय असेल? चित्रे हजारो असतील, पुरावा मात्र नसेल. असे मी का म्हणतो, ते सांगतो.

विदर्भाला खंजिरी राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांनी दिली असे म्हटले तर फारशी अतिशयोक्ती होणार नाही. महाराज (१९०९–१९६८) खंजिरी हाती घेऊन बसले आहेत, हे चित्र वऱ्हाडातल्या घराघरांत आहे. त्यांच्या पुण्यतिथीस गुरुकुंज मोझरीला दुपारी ४ वाजून ५८ मिनिटांनी लाखो लोक मौन श्रद्धांजली वाहतात, तेही चित्र दरवर्षी वर्तमानपत्रांत येते. अलीकडे तर आकाशातून टिपलेले येते. एका बाजूला महाराज एकटे, दुसऱ्या बाजूला चेहरा नसलेला अफाट समुदाय. या दोहोंच्या मधला माणूस कोठे आहे? दिवसभर कपाशीत राबून रात्री मंडळात येणारा, खंजिरीचे कातडे शेकोटीवर धरून तापविणारा आणि मग दोन तास हात न थांबविणारा? तो फोटोत असतो, नाही असे नाही. पण खाली ‘ह.भ.प. अमुक महाराज व सहकारी’ असे छापलेले असते. ‘व सहकारी’ या दोन शब्दांत आपण किती माणसे गाडून टाकली आहेत, याचा हिशेब कोणी केलेला नाही.

येथे एक दूरचे उदाहरण द्यावेसे वाटते. अमेरिकेतील कृष्णवर्णीयांच्या ‘हाउस ऑफ गॉड’ या पंथाच्या चर्चमध्ये १९३०-४० च्या सुमारापासून प्रार्थनेला स्टील गिटार वाजते. हे वाद्य मूळ हवाई बेटांतले. तारांवरून पोलादी कांडी सरकवून वाजवितात. आपल्याकडे व्हॅन शिपले यांनी त्यावर सिनेमातील गाणी वाजविली, ती वडीलधाऱ्यांना आठवत असतील. ट्रोमन ईसन हे एका हवाईयन वादकाकडून ही गिटार शिकले आणि त्यांचे बंधू विली यांनी ती प्रार्थनेत माणसासारखी बोलावयास लावली. अर्धशतक हे संगीत त्या चर्चच्या चार भिंतींतच राहिले. १९९२ पासून फ्लोरिडातील लोकसंस्कृतीचे अभ्यासक रॉबर्ट स्टोन त्यांच्यात जाऊ लागले. ध्वनिमुद्रणे केली, मुलाखती घेतल्या, २०१० साली ग्रंथ लिहिला, आणि या समाजाच्या छायाचित्रांचे स्वतंत्र पुस्तक निघाले ते २०२० साली! पहिल्या भेटीपासून अठ्ठावीस वर्षांनी. ज्यांची चित्रे घ्यावयाची त्यांची नावे, नाती, कोण कोणाकडून शिकला, हे सारे आधी ठाऊक असावे लागते, ते असे.

आपल्याकडेही अशी माणसे नाहीत असे नव्हे. संदेश भंडारे यांनी तमाशाच्या फडांबरोबर हिंडून ‘तमाशा : एक रांगडी गंमत’ हे पुस्तक केले, वारीवरही त्यांचे काम आहे. सुधारक ओलवे यांनी मुंबईच्या सफाई कामगारांची चित्रे घेतली. पण तमाशा आणि वारी यांना निदान कोणी तरी भेटले. खेड्यातल्या खंजिरी मंडळाकडे कोण फिरकणार?

जो फिरकतो तो कसा फिरकतो, हाही प्रश्न आहेच. आपल्याच जिल्ह्यातील सैलानीची यात्रा घ्या. होळीच्या सुमारास तेथे मनाने पिडलेली माणसे आणली जातात. नारळांची होळी पेटते, आणि त्याच वेळी कॅमेरेही येतात. केस मोकळे सोडून घुमणारी बाई, तिचे पांढरे झालेले डोळे, असे चित्र मासिकात छापून येते. त्या बाईला कोणी विचारले होते काय? ती कोण्या गावची, घरी परत गेल्यावर शेजाऱ्यांनी ते चित्र पाहिले तेव्हा तिचे काय झाले? याला मी दस्तऐवज म्हणावयास तयार नाही. चर्चमध्येही गिटारीच्या सुरावर माणसे देहभान हरपून नाचतात आणि त्यांचीही चित्रे निघतात. पण काढणारा पुढच्या रविवारी पुन्हा त्याच बाकावर येऊन बसणार असेल, तर त्याचे बोट आपोआप थोडे सांभाळून दाबते.

आमचे काही मित्र म्हणतात की भजन हे देवाचे काम, तेथे फोटो कशाला? भावना समजते. भर रंगात आलेल्या भजनात डोळ्यांवर झगझगीत प्रकाश टाकणाऱ्याला उठवून लावावे, हेच योग्य. परंतु चोखोबा आपल्याच जिल्ह्यातल्या मेहुणा राजाचे, असे आपण अभिमानाने सांगतो. त्यांच्या शेजारी उभे राहून टाळ कोणी धरला, हे आपणांस ठाऊक आहे काय? त्या काळी साधन नव्हते. आज आहे, आणि तरी नावे हरवत आहेत.

आणखी एक गोष्ट स्पष्टच लिहितो. चित्रे घ्यावयास निघालो आणि केवळ देवळाच्या ओट्यावरून परतलो, तर ते काम खोटे ठरेल. भीमनगरात चौदा एप्रिलच्या रात्री वामनदादा कर्डकांची गाणी गाणारी गायन पार्टी हीही याच मातीतली. ढोलकी आणि पेटी दोन्हीकडे आहे. पुष्कळदा दुरुस्त करणारा कारागीरही एकच असतो. कोण कोणाच्या ओट्यावर जाऊन वाजवितो आणि कोण जात नाही, हेही चित्रात दिसले पाहिजे. ते दिसू नये म्हणून कॅमेरा वळविणे सोपे असते. तसे करावयाचे असेल तर न गेलेलेच बरे.

राष्ट्रीय सेवा योजनेच्या शिबिरात आपण दरवर्षी रस्ते झाडतो. एका वर्षी दोन विद्यार्थी व एक वही या कामी द्यावयास काय हरकत आहे? मराठी व समाजशास्त्र विभागांच्या प्राध्यापकांनी मनावर घ्यावे. पहिले दोन-तीन गुरुवार नुसते ऐकावयास जावे, कॅमेरा पिशवीतच ठेवावा. मग विचारून चित्र घ्यावे, हाताचेही घ्यावे, कारण वाजविणाऱ्याचे वय आणि त्याचा धंदा त्याच्या बोटांवर लिहिलेला असतो. वहीत पूर्ण नाव, गाव, वाद्य, ते कोठून आणले, कोणी शिकविले, हे मांडावे. आणि प्रत्येक चित्राची कागदावरची एक प्रत त्या माणसाच्या घरी नेऊन द्यावी. मोबाईलवर पाठवून भागणार नाही. मोबाईल बिघडतो, भिंतीवरचा फोटो राहतो.