उत्तर मिळाले, अडचण तशीच!

घरातला मुलगा किंवा मुलगी इंजिनिअरिंगच्या अथवा बी.एस्सी.च्या पहिल्या वर्षाला गेली, की आईवडील सुटकेचा श्वास टाकतात. बारावी, सीईटी, प्रवेशाच्या फेऱ्या, वसतिगृहासाठीची धावपळ, एवढे सारे पार पडलेले असते. मग पहिल्याच सत्रात भौतिकशास्त्राची गणिते समोर येतात. बारावीपर्यंत क्लासचे सर होते, नोट्स होत्या, अडले तर विचारायला कुणीतरी होते. आता वर्ग मोठा, शिकवणे इंग्रजीतून, आणि अडलेले गणित न्यायचे कुणाकडे, हे कुणीच सांगत नाही. मराठी माध्यमातून आलेल्या मुलाला तर शंका विचारण्याआधी मनात वाक्य जुळवावे लागते. ते जुळेपर्यंत तासाची घंटा होते.

यावर मुलांनी आपल्यापुरता तोडगा फार पूर्वीच काढलेला आहे. वरच्या वर्गातल्यांचे जर्नल मिळवायचे, झेरॉक्स काढायची आणि सबमिशनच्या आदल्या रात्री जागून उतरवायचे. काचेखाली दिवा लावून ड्रॉइंगची शीट गिरवण्याला तर इंजिनिअरिंगच्या वसतिगृहांत 'जीटी मारणे' असे खास नाव आहे. नोव्हेंबर २०२२ मध्ये चॅटजीपीटी आले आणि पाठोपाठ तशीच इतर साधने आली. आता गणिताचा फोटो काढला, की पायऱ्यांसह उत्तर मोबाइलवर हजर होते. रात्रभर जागायचेही कारण उरले नाही.

'मुले बिघडली' असा सूर त्यावर लगेच निघतो. पण उत्तरांची टंचाई या विषयात कधीच नव्हती. हॅलिडे-रेसनिकसारख्या, पिढ्यान्‌पिढ्या वापरल्या गेलेल्या पाठ्यपुस्तकात विषम क्रमांकांच्या गणितांची उत्तरे शेवटच्या पानांवर छापलेलीच असतात. टंचाई होती आणि आहे ती आपली पायरी नेमकी कुठे चुकली, हे शेजारी बसून दाखवणाऱ्याची.

एक साधे गणित घेऊ. साठ किलो वस्तुमानाचा माणूस लिफ्टमध्ये वजनकाट्यावर उभा आहे. लिफ्ट वर जाते आहे, पण थांबण्यासाठी तिचा वेग दर सेकंदाला २ मीटर प्रति सेकंद इतका कमी होतो आहे. माणसावर काट्याचे बल किती? पुष्कळ मुले '७०८ न्यूटन' असे उत्तर काढतात. बरोबर उत्तर आहे ४६८. आता '४६८' हा आकडा सांगितल्याने त्या मुलाला काय मिळाले? त्याची चूक आकडेमोडीत नव्हतीच. लिफ्ट वर जाते म्हणजे तिचे त्वरणही वरच्या दिशेने, असे त्याने धरले होते. वर जाताना वेग मंदावत असेल, तर त्वरण खाली असते. "वेग कुठल्या दिशेला? आणि त्वरण?" एवढे दोनच प्रश्न कुणी विचारले असते, तरी त्याने स्वतःच खोडरबर उचलले असते. उत्तर सांगणे आणि मदत करणे यांत फरक आहे तो हा.

अमेरिकेतल्या एमआयटीमध्ये डेव्हिड प्रिचर्ड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पहिल्या वर्षाच्या भौतिकशास्त्राचा असाच अभ्यास केला आणि तो २०१० मध्ये प्रसिद्ध झाला. गृहपाठ संगणकावर सोडवायचा असल्यामुळे कोणते उत्तर उतरवलेले आहे, हे त्यांना ओळखता आले. तीस टक्क्यांहून अधिक गणिते उतरवणाऱ्यांची नापास होण्याची शक्यता इतरांच्या सुमारे तिप्पट निघाली. पण त्याहून महत्त्वाचे म्हणजे, ही मुले मुळात कच्ची होती असे दिसले नाही. सुरुवातीच्या हुशारीचा आणि उतरवण्याचा संबंध अगदी क्षीण होता. मुदत जवळ येईपर्यंत वही न उघडणे आणि मग वेळ न पुरणे, हे खरे कारण होते. शिकवण्याची रीत आणि अभ्यासक्रमाची रचना बदलली, तेव्हा उतरवण्याचे प्रमाण सुमारे ११ टक्क्यांवरून तीन टक्क्यांच्या खाली आले आणि नापासांची संख्याही घटली. हे साध्य झाले ते व्यवस्था बदलल्यामुळे. नुसत्या उपदेशाने झाले नसते.

बँकेत आयुष्य घालवलेल्या माणसाला यात एक ओळखीची गोष्ट दिसते. दिवसअखेर हिशेब जुळला नाही, की फरकाची रक्कम सस्पेन्स खात्यात टाकता येते. कागदावर टॅली होते, सगळे घरी जातात. चुकलेली नोंद मात्र पुस्तकात तशीच बसून राहते आणि कधीतरी कुणाला तरी ती शोधावीच लागते. न समजता उतरवलेले गणित हे असेच सस्पेन्स खाते आहे. ते कधी परीक्षेत उघडते, कधी पुढच्या वर्षी, तर कधी नोकरीच्या मुलाखतीत.

मग करायचे काय? ट्युटोरियलचा तास वेळापत्रकात असतो. तो खरोखर गणिते सोडवण्यासाठी वापरला गेला पाहिजे. अनेक महाविद्यालयांत शिकवण्याचा भार तासिका तत्त्वावरच्या शिक्षकांवर आहे. त्यांना घेतलेल्या तासाचे पैसे मिळतात. तासानंतर मुलाशेजारी अर्धा तास बसण्याचे कुणी मोजत नाही. जे मोजले जात नाही ते हळूहळू बंद पडते. ही वेळ कामात धरली, तर निम्मा प्रश्न सुटेल. नव्या साधनांचेही तसेच आहे. "उत्तर देऊ नकोस, माझी पायरी तपास आणि पुढचा प्रश्न विचार," असे त्यांना मराठीतही सांगता येते. संकोची मुलाला तो आधार ठरू शकतो. मात्र ही साधनेही चुकतात, आणि ती चूक ओळखण्यापुरते तरी स्वतःला यावे लागते.

आईवडिलांना भौतिकशास्त्र येत नसले तरी बिघडत नाही. फोनवर "सबमिशन झालं का?" असे आपण सगळेच विचारतो. त्याऐवजी "या आठवड्यात कुठे अडलं, आणि कुणाला विचारलंस?" असे विचारून पाहावे. पहिल्या एकदोन वेळा तिकडून "काही नाही" एवढेच ऐकू येईल. तरी पुढच्या रविवारी पुन्हा विचारावे.