काजुपुटी : नाव एक, वृक्ष अनेक

काजुपुटीचे तेल आपल्या औषधालयांना अपरिचित नाही. संधिशूल, स्नायुशूल व प्रतिश्याय यांवरील बाह्योपचाराच्या मलमांत ते योजले जाते. परंतु ते नेमके कोणत्या वृक्षाचे, हा प्रश्न खरेदीच्या वेळी क्वचितच विचारला जातो. तो विचारला गेलाच पाहिजे, असे आमचे स्पष्ट मत आहे.

‘काजुपुटी’ हा शब्द मलय भाषेतील ‘कायु पुतिह’, म्हणजे ‘पांढरे लाकूड’, यावरून आला. लिनियसने १७६७ मध्ये दिलेल्या ‘मेलाल्युका’ या प्रजातिनामात ‘काळा’ व ‘पांढरा’ असे दोन ग्रीक शब्द आहेत. वणव्याने काळवंडलेला बुंधा आणि वरची पांढरी साल यांवरून ते पडले असे मानतात. कागदासारखे पापुद्रे सुटणारी ही साल पाहून भूर्जपत्राचे स्मरण होते. परंतु कुल निराळे. हा वृक्ष जांभूळ व लवंग यांच्या कुलातील आहे.

मेलाल्युका काजुपुटी या जातीचे मूलस्थान म्यानमार, थायलंड व व्हिएतनामपासून इंडोनेशिया, न्यू गिनी आणि उत्तर ऑस्ट्रेलियापर्यंत पसरलेले आहे. लवंगेची जन्मभूमी असलेल्या मोलुक्का द्वीपसमूहातील बुरू बेट या तेलासाठी प्रसिद्ध आहे. तेथे पानांचे ऊर्ध्वपातन करून तेल काढतात आणि घरोघरी छाती, पोट व सांधे यांवर चोळतात.

घोटाळा होतो तो भावंडांमुळे. जुन्या ग्रंथांत अनेक जाती ‘ल्युकाडेंड्रा’ या एकाच नावाखाली आढळतात. नियाउली तेल ‘क्विंक्वेनर्व्हिया’ या जातीचे, तर टी ट्री तेल न्यू साउथ वेल्समधील ‘अल्टरनिफोलिया’चे. काजुपुटीत सामान्यतः सिनिओल प्रमुख, तर टी ट्रीत टर्पिनेन-४-ऑल. यांना परस्परांचे प्रतिनिधी द्रव्य मानणे अयोग्य होय.

‘सिनिओल हवे तर नीलगिरी का नको?’ असे काही व्यावसायिक म्हणतील. अवश्य वापरावी, मात्र वेष्टनावर नीलगिरीच लिहावे. हिरवा रंग हे शुद्धतेचे लक्षण, हाही भ्रम आहे. पूर्वी तो पुष्कळदा तांब्याच्या ऊर्ध्वपातन-पात्रातून उतरत असे.

हा प्रश्न केवळ नावाचा नाही. सिनिओलयुक्त तेल तान्ह्या बालकाच्या नाकातोंडाजवळ लावल्यास श्वसनास अपाय होऊ शकतो. पोटात गेल्यास विषबाधा संभवते. अशा वेळी बाटलीत काय होते, हे वैद्यास निश्चित सांगता आले पाहिजे.

बृहत्त्रयीत न आलेल्या या द्रव्यास ओढूनताणून संस्कृत नाव चिकटवू नये. अनुभवाने त्याचे गुणकर्म ठरवावे. तोपर्यंत औषधालय-चालकांनी पूर्ण शास्त्रीय नाव, उपयुक्त अंग, उगमस्थान आणि वायुवर्णलेखन-चाचणीचा अहवाल मागितल्याविना हे तेल स्वीकारू नये, आणि वैद्यांनी अशाच तेलाचा आग्रह धरावा, ही आमची विनंती आहे.