माकडाच्या हाती गुंतवणूक

दिवाळीत केजला गेलो की मामा माझा तिकिटांचा अल्बम चाळतात आणि एकच प्रश्न विचारतात, "विकला तर किती येतील रे?" यंदा त्यांनी मोबाइलच पुढे केला. चीनच्या माकडाच्या तिकिटाने लोक कसे मालामाल झाले, असा फॉरवर्ड होता. खाली एका विक्रेत्याचा नंबर : बारा प्राण्यांचा 'गुंतवणूक संच', फक्त पंचवीस हजार. मामांचे पैसे आधीच एका पतसंस्थेत अडकलेत. आपल्या बीड जिल्ह्यात अशी घरं शोधावी लागत नाहीत. उरल्यासुरल्यातले पंचवीस हजार ते काढायला निघाले होते, म्हणून हे लिहितोय.

फॉरवर्डमधली गोष्ट खोटी नाही, अर्धी आहे. फेब्रुवारी 1980 मध्ये चीनने राशीचं पहिलं तिकीट काढलं. लाल रंगावर काळं माकड, चित्र ह्वांग योंगयू यांचं, किंमत आठ फेन. आज त्याच्या ऐंशी तिकिटांच्या अख्ख्या पानाला लिलावात दहा लाख युआनच्या वर भाव मिळालेला आहे.

पण का मिळाला? सांस्कृतिक क्रांतीत तिकिटं जमवणं हा बुर्झ्वा नाद ठरला होता. 1980 मध्ये संग्राहक थोडेच उरले होते. छपाई पन्नास लाखांच्या आसपास, चीनच्या मानाने किरकोळ. लोकांनी तिकीट पाकिटाला चिकटवलं आणि पत्र टाकलं. ते महाग झालं, कारण कुणी ते गुंतवणूक म्हणून ठेवलं नाही.

पुढच्या प्राण्यांचं उलट झालं. मागणी बघून काही वर्षांतच छपाई कोटींच्या घरात गेली. सगळ्यांनीच जपून ठेवली, मग दुर्मीळ होणार काय? 1997 च्या सट्ट्यात भाव चढले आणि कोसळले. नंतरची कित्येक तिकिटं छापील किमतीच्याही खाली विकली गेली. वर 1980 च्या माकडाच्या नकला बाजारात मुबलक आहेत. पंचवीस हजारांच्या संचात ते माकड अस्सल असेल, असं मानायला भाबडेपणाच हवा.

"मग तू कशाला जमवतोस?" मामांनी बरोबर पकडलं. मला त्यातला हिशेब आवडतो. इसवी सनाला बाराने भागा. बाकी शून्य आली की माकड. 1980, 2016, दोन्ही माकडं. त्यांच्या बारा प्राण्यांची पाच तत्त्वांशी सांगड घातली की साठ वर्षांचं चक्र होतं. आपली प्रभव-विभवपासूनची संवत्सरंही साठच. गुढीपाडव्याला मामा पंचांगातून संवत्सराचं नाव वाचतात, तेव्हा मला हा अल्बम आठवतो. वर्षाला एक तिकीट, बारा वर्षं धीर. या छंदाला एवढंच लागतं. तो महाग करून विकणारे छंदाचेही वैरी आहेत आणि मामांसारख्यांचेही.

मामा जून 1968 चे, म्हणजे माकडच. 2016 मध्ये ह्वांग यांनी पुन्हा माकडं काढली. त्यातलं दोन पिल्लांना कवटाळलेल्या माकडिणीचं तिकीट मी मामांना दिलं. "याचे किती येतील?" "काही नाही, मामा." ते हसले आणि पाकिटात ठेवलं.

तुमच्याही घरी असा फॉरवर्ड येईल. विक्रेत्याला एकच विचारा : वर्षभराने हाच संच याच भावाला परत घ्याल का, आणि तसं लिहून द्याल का?