पावती मालकाची, पैसा भाडेकरूचा

“भाडेकरू कर भरत नाहीत, मग नगरकारभारात त्यांचा शब्द कशाला?” हा युक्तिवाद नवा नव्हे, मुंबईच्या 1872 च्या कायद्याचा तो पायाच होता. पालिकेच्या 64 सदस्यांपैकी निम्मे करदात्यांनी निवडायचे, आणि मतदार म्हणजे वर्षाला किमान 50 रुपये घरपट्टी भरणारा! पट्टी मालकाच्या नावे. भाड्यातून ती फेडणारा चाळकरी हिशेबाबाहेर. 1888 च्या कायद्याने ठरावीक धंद्यांना आयुक्तांचा परवाना सक्तीचा केला. तिथेही तेच: शुल्क दुकानदाराच्या नावावर, वसुली गिऱ्हाइकाच्या खिशातून. (तराजूत ते दिसत नसे, इतकेच.) ‘करदाता’ हा शब्द इतका भोळेपणाने वापरणाऱ्यांनी एक तारीख लक्षात ठेवावी: मुंबईत पालिकेची प्रौढ मताधिकारावरील पहिली निवडणूक 1948 मध्ये झाली.