मिगमधली पांढरी रेघ



तान्ह्या पोळ्याला आपली मुले लाकडी नंदी सजवतात. अंग रंगले, शिंगे रंगली, झूल चढली, तरी डोळ्यांचे दोन ठिपके पडेपर्यंत तो नंदी लाकूडच दिसतो. लहान विमानाचेही असेच आहे. नागपूर हे हवाई दलाच्या मेन्टेनन्स कमांडच्या मुख्यालयाचे गाव. इकडच्या पोरांना विमानांचे वेड लागले तर नवल नाही. शहरात शिकणारा मुलगा किंवा पुतण्या सुटीत प्लॅस्टिकच्या विमानाचा संच घेऊन आला, तर ‘पोरखेळ’ म्हणून हसू नका. कॉकपिट, म्हणजे वैमानिकाची बैठक, रंगवताना त्याच्या शेजारी बसा.

उदाहरण मिग-२१ चे घेऊ. हे विमान १९६३ साली आपल्या हवाई दलात आले. ते बांधण्यासाठी १९६४ साली नाशिकजवळ ओझरला हिंदुस्थान एरोनॉटिक्सचा विभाग स्थापन झाला. २६ सप्टेंबर २०२५ रोजी चंडीगडला त्याला निरोप दिला गेला. त्याच्या बैठकीत समोरच्या फळीवर मधोमध एक उभी पांढरी रेघ असे. ती शोभेची नव्हे. विमान गिरकीत सापडून भोवऱ्यासारखे फिरत खाली येऊ लागले, की माणसाला डावे-उजवे उमगत नाही. अशा वेळी हातातली दांडी त्या रेघेच्या रोखाने आणायची, म्हणजे ती बरोबर मध्यावर येते. एवढ्याशा रंगावर जिवाचा भरवसा!

आता माप पाहू. एकास बहात्तर प्रमाणात ७२ सेंटिमीटरचा होतो एक सेंटिमीटर. पावणेसहा फुटांचा वैमानिक जेमतेम अडीच सेंटिमीटरचा, आणि आठ सेंटिमीटरची तबकडी खसखशीच्या दाण्याएवढी! म्हणून काम क्रमाने करावे.

१. बैठक विमानात बसवण्याआधीच रंगवावी. नंतर ब्रश आत शिरत नाही.

२. आधी सगळीकडे मूळ रंग द्यावा. मिगचा आतला रंग निळसर हिरवा असतो. तो पुरता वाळू द्यावा. घाईने दिलेला दुसरा हात पहिल्याला उखडतो.

३. पातळ काळपट रंग खाचांत सोडावा. तो आपोआप कोपऱ्यात उतरतो आणि खोली दिसू लागते.

४. ब्रश फिक्या रंगात बुडवून फडक्यावर जवळजवळ कोरडा पुसावा आणि उंचवट्यांवरून हलकेच फिरवावा. कडा उठून दिसतात.

५. बटणांचे ठिपके ब्रशने देऊ नयेत. टाचणीचे टोक रंगात टेकवून नुसते स्पर्शावे. तबकडीवर पारदर्शक वार्निशचा बारीक थेंब सोडला की काच बसवल्यासारखी चमक येते.

६. पांढरी रेघ शेवटी, दिवसाच्या उजेडात, कोपर टेबलावर टेकवून ओढावी.

एक गोष्ट मात्र कटाक्षाने पाळावी. ब्रशचे टोक ओठांनी कधीही करू नये. पहिल्या महायुद्धाच्या काळात अमेरिकेत न्यू जर्सीच्या कारखान्यात मुली घड्याळांच्या तबकड्यांवर अंधारात चमकणारा रेडियमचा रंग भरत. टोक बारीक राहावे म्हणून ब्रश ओठांत धरायला त्यांना शिकवले होते. कित्येकींच्या जबड्याची हाडे सडली, काही दगावल्या. १९२८ साली त्यांतल्या पाच जणींना खटल्यातील तडजोडीने भरपाई मिळाली. आपल्या रंगात रेडियम नसते, पण रंग पोटात जाऊ नये हे खरेच. टोक ओल्या फडक्यावर करावे. थिनर चुलीपासून दूर ठेवावा. तो औषधाच्या रिकाम्या बाटलीत किंवा पाण्याच्या बाटलीत भरू नये.

काम चालू असताना मुलाला विचारत जा, ‘हा ठिपका कशासाठी? ही पिवळी-काळी पट्ट्यांची मूठ कशाची?’ ती संकटात खुर्चीसकट बाहेर उडण्याची मूठ असते. ज्या खुणेचे काम सांगता येत नाही, ती शोधून मगच रंगवावी.

ही सवय लागलेले पोर उद्या फवारणीच्या औषधाची बाटली हातात घेऊन विचारेल, ‘बाबा, हा त्रिकोण कशाचा?’ लाल म्हणजे सर्वांत जहाल, त्याखालोखाल पिवळा, मग निळा, आणि हिरवा सर्वांत सौम्य. पण विष चारही. हे उत्तर घरातल्या प्रत्येकाला तोंडपाठ असावे.